निवटी

३ ऑक्टोबर

आज बादली भरून बसलो. महिनाभर धुऊन ठेवलेले बाटल्यांचे तुकडे एकेक करून पाण्यात टाकायचे. तरंगेल ते निळ्या टोपलीत, बुडेल ते लाल टोपलीत. फिनेलच्या नि शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, डब्यांची झाकणं, हे सगळं वर येतं. पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्या तळ गाठतात. त्रिकोणात आकडा असतो खरा (१ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक; २ आणि ५ ही तरंगणारी मंडळी), पण तो बाटलीच्या बुडाशी, एकदाच. बाटलीचे वीस तुकडे केले की एकोणीस बेवारस. मग बादलीच निवाडा करते.

कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना बादली लागत नाही. त्या तुकडा कानाशी नेऊन दाबतात, वाजवतात आणि सांगतात, हे कडक, हे मऊ, हे कुणी घेत नाही. मी त्यांच्यासमोर बादली काढत नाही.

एवढी निवड कशाला, तर या कचऱ्यातून मी पशुपक्षी घडवतो आणि तरंगणाऱ्या प्लास्टिकला गोंद धरत नाही. फेविक्विक नाही, अॅराल्डाइट नाही. एमसील तर सुकल्यावर खपलीसारखं हातात येतं. अळूच्या पानावरचं पाणी तसा प्रकार. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत केलेलं सगळं कपाटावर आपोआप सुटं होऊन पडलं. आता मी टाके घालतो. दाभण गॅसवर तापवायचं, कडेने भोकं पाडायची आणि तारेने शिवायचं. खिडकी उघडी, तोंडाला रुमाल.

तार टेलिफोनची. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो, मॅनहोलमध्ये उकिडवं बसून जोड्या पिळल्या. अर्ध्या मिलिमीटरचं तांबं, वर रंगीत कवच. पांढऱ्यासोबत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग लाल धरून पुन्हा तेच पाच. मग काळा, पिवळा, जांभळा. पंचवीस जोड्या. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. खात्याची तार घरी कशी, असं कुणी विचारू नये. जॉइंट करताना कापून टाकलेले वीतभर तुकडे होते, ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी यायचे. कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. २०२० च्या जानेवारीअखेर व्हीआरएस घेतली, मार्चमध्ये सगळंच बंद झालं. घरात मी, ही, कचऱ्याचा डबा आणि तारेची पिशवी.

११ ऑक्टोबर

दादरहून फोन आला. सात जणांचं मिळून प्रदर्शन, चार दिवस, माझ्या वाट्याला एक चौथरा. जहांगीर आर्ट गॅलरी नव्हे. जहांगीरला तारीख मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि माझ्या वयाला तो हिशेब परवडत नाही. हे छोटं दालन आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही.

त्यांनी फॉर्म पाठवलाय. माध्यम, उंची, वजन, किंमत. आणि तळाला: कलाकृती टिकाऊ आहे का? हो/नाही.

बाकीचं भरलं. तिथे अडलो.

माझं पहिलं काम बगळा होता. पांढऱ्या पिशव्या कापून पिसं केली होती, प्लास्टिकच्या सुतळीचे पाय. गॅलरीत टांगला, येणारे-जाणारे बरं म्हणायचे. दोन उन्हाळे गेले. एकदा कोळिष्टक काढायला हात लावला तर अर्धा पंख पिठासारखा खाली सांडला. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, यात नवीन काही नाही. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीचं तेच होतं, सगळ्यांनी पाहिलंय. पण मी तोवर सगळीकडे वाचत आलो होतो की प्लास्टिक शेकडो वर्षं राहतं. राहतं ना. भुगा होऊन राहतं. तो भुगा झाडायला बसलो तर फरशीच्या सांध्यांतून निघेना, केरसुणीला चिकटून परत घरात आला. बगळा गेला आणि बगळ्याचा माल घरातच. देवनारच्या डंपिंगवर १९२७ पासून कचरा पडतोय, त्यात बगळे किती झाले असतील कोण जाणे.

तर टिकाऊ, हो की नाही? कोरं ठेवलं.

१२ ऑक्टोबर

हिचं म्हणणं, ‘हो’वर खूण करा आणि जेवायला चला.

१७ ऑक्टोबर

निवटीचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या त्या माशाचं, अंग आज शिवून पूर्ण. साडेतीन फूट.

हे काम मार्चपासून चाललंय आणि वेळ लागला तो डोळ्यांमुळे. निवटीचे डोळे डोक्याच्या वर असतात, बेडकासारखे, बाहेर आलेले. त्यासाठी रोल-ऑन डिओचा गोळा अगदी नेमका. एक गोळा मार्चमध्ये मिळाला. दुसऱ्यासाठी मुलाचा डिओ संपायची वाट बघत बसलो, कारण माझा नियम आहे: कचरा विकत आणायचा नाही आणि चालू वस्तूचा कचरा करायचा नाही. मे महिन्यात बाटली थोडी हलवून पाहिली तर ही ओरडली, “अहो, अर्धा आहे अजून! ठेवा ते खाली.” सप्टेंबरपर्यंत निवटी काणी होती. घर जेव्हा जे संपवील तेव्हा ते हाती येणार, यात घाई चालत नाही. दुधाची पिशवी रोज, औषधाची पट्टी दहा दिवसांनी, छत्री दोन पावसाळ्यांनी.

अंगाला खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या बाइकचे ऑइलचे कॅन, काळे नि करडे. (घरातलाच कचरा हवा, या नियमात मी जिना धरतो.) पोटाला दह्याचे डबे. अंगावरचे निळे ठिपके म्हणजे पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, पातळ चकत्या कापून. शेपटी आणि पाठीवरचा पर मोडक्या छत्रीचा, काड्यांसकट. छत्रीची काडी आणि तिच्यावर ताणलेलं कापड, माशाचा पर याहून वेगळा काय असतो?

निवटीच का, असं दालनाच्या बाईंनी विचारलं होतं. लहानपण इथलंच, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं. वस्ती संपली की मिठागरं, तिवरं आणि पुढे खाडीचा चिखल. ओहोटीला निवट्या त्या चिखलावर छातीजवळच्या परांवर रेटत चालायच्या, मध्येच उडी मारायच्या. मासा असून पाण्याबाहेर हिंडतो, याचं आम्हा पोरांना फार वाटायचं. आता त्या बाजूला कांजूरचं डंपिंग आहे. वारा तिकडून आला की आपण काय काय फेकलं ते नाकाला कळतं. बाईंना मी एवढंच म्हटलं, “आमच्याकडे असायच्या.”

२६ ऑक्टोबर

वास.

बाईंचा निरोप: काका, प्लीज, वास नको आणि झुरळं नकोत, मागच्या वर्षी एकांनी नारळाच्या करवंट्या आणल्या होत्या. झुरळांचं कबूल. वासाचं कठीण आहे. दुधाच्या पिशव्या मी त्याच दिवशी गरम पाण्याने धुतो, तरी पंधरा दिवसांनी उघडल्या की आंबूस येतातच, शिवणीच्या आत साय बसते. शिवण कापूनच टाकायची. ऑइलचे कॅन तीनदा साबणाने, मग रात्रभर सोड्याच्या पाण्यात, मग ऑक्टोबरच्या उन्हात दोन दुपारी. तिसरी नाही, तिसऱ्या दुपारी मला बगळा आठवतो. लेबलांचा चिकटा खोबरेल तेलाने जातो. मग ते खोबरेल घालवायला पुन्हा साबण. शिल्पकला म्हणून मी जे करतो त्यातले दहापैकी सात तास मोरीत जातात. धुण्याला उपस्थित राहून नातीने शाळेत सांगितलं की आजोबा भांडी घासतात.

निरोपाच्या शेवटी आणखी एक: एकदा रंग मारून घ्या ना, एकसारखं दिसेल.

एकसारखं दिसू नये म्हणून तर इतके महिने घालवले. शिवाय पॉलिथिनवर रंग बसत नाही, नखाने निघतो, गोंदाचीच गत. पण समजा बसला असता, तरी नाही. सोनेरी स्प्रे मारलेले टायरचे मोर मी बागांमधून पुष्कळ पाहिलेत. टायर दिसत नाही आणि मोरही दिसत नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोन वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. ते बघताना बैल दिसतो आणि सायकलही हटत नाही. मला दोन वस्तूंत थांबता येत नाही, दोनशे लागतात, हा माझा दोष. जवळचा वाटतो तो चंडीगढचा नेकचंद. सरकारी नोकर, रस्त्यांचा इन्स्पेक्टर. १९५७ पासून सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्यांच्या नि कपबशांच्या बाहुल्या करत बसला. सरकारला पत्ता लागेस्तोवर बाहुल्यांचं गाव झालं होतं आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. खात्याची पेन्शन खाणाऱ्याला अशा माणसाचा आधार वाटतो.

बाईंना कळवलं: रंग नाही, वास नाही.

८ नोव्हेंबर

रात्री पंखा लावला आणि निवटी टेबलावरून उडाली. उजवा डोळा पलंगाखाली. एवढी मोठी दिसते, पण वजन भरलं दीड किलोही नाही. दालनात वर चार पंखे आहेत, मी मोजलेत.

पोटाचे टाके उसवून आत वजन भरलं. ही फुटके कप टाकत नाही, माझ्यासाठी वेगळे ठेवते, म्हणजे तसं म्हणते. मला वाटतं तिलाच टाकवत नाहीत. ते ठेचून एका जुन्या मोज्यात भरले. खाली बैठकीला जुना पाट. आता पाच नंबरवरसुद्धा जागची हलत नाही. हलवली तर मात्र आत खुळखुळते.

१९ नोव्हेंबर

टेम्पोवाल्याने सकाळी फोनच उचलला नाही. मुलगा म्हणाला टॅक्सी करू, पण शेपटीसकट ती टॅक्सीत मावेना. साडेअकराची धीमी लोकल, लगेजचा डबा. निवटी चादरीत गुंडाळून मांडीवर.

डब्यात भाजीची पोती, एक फ्रिजचं खोकं, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या दोन कोळणी. घाटकोपरला चादर सरकली. थोरल्या बाईंनी वाकून बघितलं.

“निवटी हाय का ही?”

पाच वर्षांत माझी कुठलीही वस्तू कुणी न सांगता ओळखलेली नाही. बगळ्याला लोक कोंबडी म्हणायचे. मी हो म्हणालो तेव्हा आवाज जरा चिरकलाच असावा. त्यांनी बोट लावलं, डोळा फिरवून पाहिला (फिरतो तो, गोळाच आहे), ठिपके बरोबर आहेत म्हणाल्या. मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “हिचा एक पंख कुठं गेला?”

मी म्हटलं, गेला नाही, एवढाच आहे.

“वर दोन असतात. पुढचा उभा, काटेरी. मागचा हा असा लांब. तुम्ही मागचाच लावला.” दुसरीने मान हलवली. म्हणजे शंकाच नको.

मी डोळ्यांपुढे चिखल आणला. निवट्या आणल्या. चालणं आठवत होतं, उडी आठवत होती. पर मोजता येईनात.

कुर्ल्यापर्यंत त्या मला निवटी साफ कशी करतात ते सांगत होत्या. मग विचारलं, कुठे नेताय. दादरला, प्रदर्शनात ठेवायला, चार दिवस, बघायला पैसे नाहीत. “आम्हाला सोडतात काय आत?” “सोडतात की.” “टोपल्या घेऊन?” याचं उत्तर मला माहीत नव्हतं. दादरला त्यांनीच निवटी एका बाजूने धरून उतरवली.

त्याच दिवशी, रात्री

दालनात बाकीचे सहाही जण मांडामांड करत होते. मी पक्कड काढली. छत्रीच्या दोन काड्या दुरुस्तीसाठी पिशवीत होत्याच, कापड मात्र नव्हतं. विक्रोळीला जाऊन यायला वेळ नाही आणि घरी तरी दुसरी छत्री अजून चालू आहे. जिन्याखाली मागच्या कुठल्या तरी प्रदर्शनाचा फ्लेक्स गुंडाळून टाकला होता. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या न्या, तो कचराच आहे. माझ्या घरातलाही नाही, जिन्यातलाही नाही. जिना दादरचा धरला.

फ्लेक्स पीव्हीसीचा, जाड, कापायला चिवट. उभा, काटेरी, वरून दातेरी असा कापला, दोन्ही काड्या आतून घातल्या. तारेच्या पिशवीत तळाला एकच जोडी उरली होती, जांभळी आणि राखाडी. पंचविसावी, बंडलातली शेवटची. तिने शिवला. साडेआठला दिवे लावून बघितलं तर पराच्या मागच्या बाजूला ‘र्शन’ एवढी अक्षरं राहिली होती. शेजारी चित्रं टांगणारा मुलगा बराच वेळ बघून म्हणाला, काका, हे शब्द मुद्दाम ठेवलेत का, फार सूचक आहे.

मी म्हटलं, कात्री बोथट होती.

फॉर्म परत मागून घेतला. उंची वाढली होती, तीन इंच.