आतिथ्याचं चौथं व्रत

३० ऑगस्ट

आज संत झान जुगाँ यांचा सण. जन्म १७९२ चा, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या कांकाल गावातला. १८३९ च्या हिवाळ्यात सँ-सेर्वाँ इथे त्यांनी अ‍ॅन शोव्हँ नावाच्या एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला उचलून आपल्या खोलीत आणलं, स्वतःचा पलंग दिला आणि आपण माळ्यावर झोपल्या. ‘लिटिल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा कॅथलिक धर्मभगिनींचा संघ तिथून उभा राहिला. १८८२ साली या सिस्टर कोलकात्याला आल्या. मुंबईतही त्यांचं घर आहे.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं सगळ्याच संन्यस्त भगिनी घेतात. यांचं चौथं व्रत आहे आतिथ्याचं. दारात आलेला गरीब म्हातारा, मग तो कुठल्याही धर्माचा असो, त्याला घरचा माणूस मानून शेवटपर्यंत सांभाळायचं. आजच्या दिवशी प्रवचनात प्रेमाबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि ते खरंच आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या आजीला माया पुरत नाही, शिकलेला हात लागतो. चौथं व्रत रोज पाळलं जातं ते त्या हातानं.

बेडसोरचं, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचंच घ्या. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर: जिथे हाडावर मांस कमी तिथे दाबानं रक्त पोचत नाही आणि कातडी मरायला लागते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर वळवलं तर सगळा भार खुब्यावर येतो. त्यापेक्षा पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कललेलं ठेवावं. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाचा गादीला टेकणारच नाहीत. लाल डाग दिसला की बोटानं दाबून पाहायचं. बोट काढल्यावर तो लालच राहिला, पांढुरका झाला नाही, तर तिथे जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, तिथे हात लावून गरमपणा किंवा कडकपणा बघावा. अशा जागेवर तेल लावून चोळायची आपल्याकडे फार सवय आहे. ती मोडायला हवी, कारण चोळल्यानं आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं. मधे भोक असलेली गोल हवेची उशीही नको, तिच्या कडेनं रक्त अडतं. आणि माणसाला पलंगावर वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. अंगाखाली आडवी चादर घालून दोघींनी दोन्ही बाजूंनी उचलायचं. यात सिस्टरांची कंबरही वाचते, आणि ती वाचायला हवी, कारण उद्याही हेच करायचं असतं.

अर्धांग झालेल्याला कपडे घालताना लुळ्या हातात बाही आधी. काढताना चांगला हात आधी. एवढं पाळलं की खांदा ओढला जात नाही.

भरवणं सोपं वाटतं, पण सर्वांत जास्त घाई तिथेच होते. माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान. कंठमणी वर जाऊन खाली आला, म्हणजे घास गिळला, मगच पुढचा. गालात अन्न साठलंय का हे मधूनमधून बघायचं. उभ्यानं भरवलं तर म्हाताऱ्याला मान वर करावी लागते आणि घास श्वासनलिकेकडे वळतो, म्हणून स्टुलावर, डोळ्यांच्या पातळीला बसावं. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना घट्ट पेजेपेक्षा पाणी आणि चहा जास्त धोक्याचे. ठसका लागलाच नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं. ठसका न येताही अन्न छातीत जातं आणि न्यूमोनिया होतो. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

एक गोष्ट घराघरात सांगावीशी वाटते. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी बरळायला लागली तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीतला जंतुसंसर्ग, पोटात कमी गेलेलं पाणी, तुंबलेला कोठा, नव्यानं सुरू झालेली गोळी, यातलं काहीतरी बहुतेकदा सापडतं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. स्मृतिभ्रंश हळूहळू येतो, तो असा एका रात्रीत येत नाही. आणि स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी जाते. वसईच्या आजीला कादोडीत आणि गोव्याच्या आजोबांना कोकणीत हाक मारली तर उत्तर येण्याची शक्यता जास्त.

मरणासन्न माणसाला या सिस्टर एकटं ठेवत नाहीत. पाळ्या लावून रात्रंदिवस उशाशी बसतात आणि प्रार्थना करतात. तिथेही हाताचं काम असतंच. ओठ ओल्या कापसानं टिपायचे, तोंडात पाणी ओतायचं नाही. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवायचं. श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, ते नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे ते घाबरत नाहीत. आणि पलंगापाशी त्या माणसाबद्दल तो ऐकत नसल्यासारखं बोलायचं नाही.

हे सगळं चालतं भिक्षेवर. ठरावीक उत्पन्न घ्यायचं नाही, असं संघानं १८६५ मध्ये ठरवलं. त्या वेळी झान जुगाँ यांचं मत विचारलं होतं. खरं तर १८५२ पासून त्यांना मातृगृहात, म्हणजे संघाच्या मुख्य मठात, बाजूला बसवलं होतं. १८७९ मध्ये वारल्या तोवर संघाची स्थापना त्यांनी केली हे कित्येक तरुण सिस्टरांना ठाऊकसुद्धा नव्हतं. २००९ मध्ये त्या संत घोषित झाल्या. त्यांच्यासारखीच टोपली घेऊन दारोदार जायची पद्धत टिकली आहे. घरात काही संपलं तर त्याचा नमुना संत जोसेफच्या पुतळ्याशी ठेवायचा, हीसुद्धा जुनी रीत.

आज काही द्यावंसं वाटलं तर कुठल्याही वृद्धाश्रमाला आधी फोन करून काय हवं ते विचारावं. सणाला मिठाईचे पुडे खूप येतात आणि तिथे मधुमेही असतात. मोठ्यांचे डायपर, सुती चादरी, हातमोजे आणि मऊ भात होणारा तांदूळ मात्र महिनाभर पुरत नाहीत.