वरलिया रंगासकट

गुरू ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांची ६१ पदे आहेत, हे नांदेडच्या शीख घरात वाढलेल्या मुलाला अक्षरओळखीच्या आधीच ठाऊक होते. ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही’ हे त्यांचे शब्द आमच्याकडे आसा रागात गायले जातात, आणि ज्या बीठलाचे नाव त्यात आहे त्याच्याच नावाने दरवर्षी नांदेडातून दिंड्याही निघतात. तरीही आमच्या घरातून कोणी कधी वारीला चालत गेले नव्हते. कारण उघड आहे. शीख रहत मर्यादेत, म्हणजे आमच्या आचारसंहितेत, मूर्तिपूजेला जागा नाही, तीर्थात बुडी मारल्याने मन धुतले जाते ही समजूत गुरू नानकांनीच खोडून काढलेली आहे, आणि मी तर अमृत छकलेला, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेला, पाच ककार अंगावर बाळगणारा माणूस आहे. बँकेतल्या एका सहकाऱ्याने, जो परभणीकडच्या एका दिंडीत वर्षानुवर्षे चालतो, मला ‘नामदेवांच्या गावाला एकदा पायी चला’ असे सुचवले, तेव्हा मी आधी हसण्यावारी नेले आणि नंतर दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरून मोकळा झालो.

निघण्यापूर्वी काही गोष्टी मी मनाशी ठरवल्या होत्या. केस, कंगा, कडे, कृपाण आणि कछेरा या पाच ककारांपैकी काहीही सोयीसाठी उतरवायचे नाही; पहाटेचे जपजी साहिब, संध्याकाळचे रहिरास आणि झोपण्यापूर्वीचे सोहिला चुकवायचे नाही; कपाळी गंध लावून घ्यायचे नाही. बाकी सगळे दिंडी करेल तसे. दिंडीप्रमुखांना मी हे आळंदीतच सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘टाळ धरायला अडचण नाही ना?’ नव्हती. कड्याच्या हाताने टाळ वाजवताना दोन नाद निघतात, हे पुढे माझे मलाच कळले.

वारीत पहाट तीनला होते. टँकरपाशी रांग लावून आंघोळ उरकायची, राहुटी उतरवून ट्रकमध्ये चढवायची आणि पालखी हलण्याआधी आपल्या क्रमाने उभे राहायचे, या धांदलीत मला दस्तार, म्हणजे पगडी, बांधायची असे. ओल्या केसांवर दस्तार बांधू नये, पण लांब केस पावसाळी हवेत वाळायला अर्धा दिवस घेतात, म्हणून केस धुण्याचे काम मी सासवडच्या मुक्कामापर्यंत राखून ठेवले; तिथे पालखी दोन रात्री थांबते. रोजची दस्तारही एकट्याने बांधता येते, परंतु पाच-सहा मीटर कापडाची नीट घडी घालायला, ज्याला आम्ही पूणी करणे म्हणतो, दुसरे टोक धरणारा हात लागतो. तो हात आमच्या राहुटीतल्या एका वयस्क शेतकऱ्याचा असे. ते स्वतःचा पटका दोन मिनिटांत गुंडाळत आणि मग माझ्या कापडाचे टोक धरून उभे राहत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, ‘इतकं मोजून-मापून कशाला?’ मी म्हणालो, सवय. हे उत्तर अपुरे होते. प्रत्येक पेच घालताना वाहेगुरूचे नाव घ्यायचे असे आम्हाला लहानपणी शिकवलेले असते, आणि घाईच्या दिवशी पेच पडतात पण नाम गळते, हे मला घरीही जाणवत असे. वारीच्या गर्दीत, कंदिलाच्या उजेडात, समोर टोक धरून कोणी वाट पाहत असताना मात्र ते गळले नाही. का, हे मला नीट सांगता येणार नाही. दुसऱ्याचा वेळ आपण वापरतो आहोत ही जाणीव कदाचित पुरेशी असावी.

दिवे घाट चढताना माझ्या पुढे डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या एक मावशी होत्या. चढ संपत आला तेव्हा त्यांनी मागे वळून मला विचारले, ‘उन्हात डोकं तापत न्हाई का रे बाबा, एवढं बांधून?’ मी उलट विचारले, ‘तुमचं वृंदावन जड नाही होत, मावशी?’ त्या म्हणाल्या, ‘आता नसलं की मान उगीच डुलती.’ दस्तारीविषयी मला आजवर विचारल्या गेलेल्या असंख्य प्रश्नांना यापेक्षा नेमके उत्तर मला कधी देता आलेले नाही, आणि ते दिले माझ्या धर्माशी काडीचा संबंध नसलेल्या बाईने.

वेश आणि अंतःकरण यांचा हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. मी बँकेच्या काउंटरवर बसतो. शेजारचा सहकारी एखाद्या ग्राहकावर खेकसला तर ग्राहक ‘त्या बँकेत नीट बोलत नाहीत’ म्हणतो. मी खेकसलो तर ‘तो सरदारजी उद्धट आहे’ म्हणतो, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या कोणा शिखाला त्याचे उट्टे सोसावे लागते. उलटही घडते. काहीही न करता लोक मला प्रामाणिक समजतात, मोजलेले पैसे पुन्हा न मोजता खिशात घालतात, आणि हा फुकटचा मान घेताना मला अवघडल्यासारखे होते, कारण तो मी मिळवलेला नसतो. तो माझ्या आधी ज्यांनी हा वेश घातला त्यांनी मिळवलेला असतो. वारीत हा फुकटचा मान शिगोशीग मिळाला. पुण्यात लोक थांबवून माझ्यासोबत फोटो काढत होते, कोणी पायांवर डोके ठेवत होते, कोणी ‘शीख बांधवही माऊलींच्या सेवेत’ असे मोबाइलवर बोलून घेत होते. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्यामुळे मीही लगोलग वाकत होतो. पण माझ्याजवळ गर्दी होती ती पगडीमुळे, हे न कळण्याइतका मी भाबडा नाही. हडपसरच्या पुढे मी दिंडीच्या मधल्या ओळीत सरकलो आणि मग पुष्कळ बरे वाटले.

त्या रात्री सोहिला झाल्यावर त्रिलोचनांची ओळ आठवली. भक्त त्रिलोचन हे नामदेवांचे मित्र, त्यांचीही चार पदे ग्रंथ साहिबमध्ये आहेत, आणि त्यांतले एक अगदी रोखठोक आहे: ‘अंतरु मलि निरमलु नही कीना बाहरि भेख उदासी.’ आतला मळ धुतला नाही आणि बाहेर वैराग्याचा वेश चढवला. गुरू नानकांनीही योग्याची मुद्रा, झोळी, भस्म यांना जपजीत बाजूला सारून त्यांच्या जागी संतोष, श्रम आणि ध्यान ठेवले, आणि जानव्यासाठी दयेचा कापूस व संतोषाचे सूत मागितले. भेखावर इतके कोरडे ओढणाऱ्या परंपरेनेच पुढे, १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर साहिबला, आपल्या माणसांना दुरूनही ओळखू येईल असा वेश का द्यावा, हा प्रश्न मला कॉलेजात असल्यापासून छळत आला आहे. आमच्याकडे त्याचे उत्तर असे सांगतात की १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला तेव्हा गर्दीत शीख होते, पण ते गर्दीत मिसळून गेले. आणि म्हणून गुरू गोबिंदसिंहांनी असा वेश दिला की लाखांत उभा असला तरी शिखाला लपता येऊ नये. हे खरे धरले तर ककार देवाला दाखवण्यासाठी नाहीतच. देवाला आतले दिसतेच. ते माणसांना दिलेले वचन आहे: अडचणीत असाल तर मला हाक मारा, मी ‘मी तो नव्हे’ असे म्हणू शकणार नाही.

वारीत या वचनाची वसुली रोज होत होती. वाल्ह्याच्या अलीकडे कोणाची बॅग उचलायची असली, ट्रकखाली अडकलेला दोर ओढायचा असला, तर हाक मलाच येई, ‘ओ सरदारजी, या इकडं.’ तीच हाक माझ्याइतक्याच धडधाकट असलेल्या बाकी कोणाला येत नसे. पाय सुजलेले असताना मनात राग यायचा, आणि उठावेही लागायचे, कारण डोक्यावर काय बांधले आहे ते सगळ्यांना दिसत होते. आतून सेवेची इच्छा उगवेपर्यंत थांबलो असतो तर पंढरपूर आले असते. वेशाने मला आधी उठवले आणि मन मागून, लंगडत का होईना, आले. आतले आधी, बाहेरचे नंतर, असा क्रम प्रवचनात सुबक वाटतो, पण माझ्या अनुभवाला तो पुरेसा नाही.

जेजुरीत भंडाऱ्याची उधळण झाली आणि माझी निळी दस्तार पिवळी झाली. दिंडीतली मुले खूश झाली. तंबाखूचा प्रसंगही तसाच हलका. फलटणच्या मुक्कामी एका आजोबांनी चुन्यासह चंची पुढे केली आणि मी हात मागे घेतला, तेव्हा त्यांना वाटले मला त्यांच्या हातचे नको आहे. तंबाखू आमच्या चार मोठ्या निषेधांपैकी एक आहे, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा निवळला. गळ्यातली माळ चाचपत ते म्हणाले, ‘म्हणजे तुम्हीबी माळकरीच की.’ माळ घातल्यावर मद्य-मांस सुटते, एकादशी लागते, वारी लागते, आणि मोडली तर गावात तोंड दाखवायला लाज वाटते. त्या अर्थाने आजोबांचे म्हणणे बरोबर होते. तंबाखू मात्र त्यांच्या माळेतून निसटलेली होती, आणि मी तसे बोलून दाखवल्यावर तेच मोठ्याने हसले.

कृपाणीचा प्रश्न वाटेत एकदाच निघाला. बंदोबस्तावरच्या एका तरुण शिपायाने गात्र्याकडे, म्हणजे कृपाणीच्या पट्ट्याकडे, बोट दाखवले. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे शीख धर्माच्या आचरणात धरलेले आहे, हे मला पाठ आहे, परंतु ते मला म्हणावेच लागले नाही. आमच्या वीणेकऱ्यांनी पुढे होऊन ‘ते आमच्या दिंडीतले आहेत’ एवढेच सांगितले आणि शिपायाने रामकृष्णहरी केले.

वेळापूरच्या पुढे, चालता चालता, दिंडीतले एक शिक्षक मला चोखोबांचा अभंग ऐकवू लागले, ‘काय भुललासी वरलिया रंगा’. त्यांचा रोख प्रेमळ पण स्पष्ट होता: इतक्या लांब नामदेवांसाठी आलात, मग हा बाहेरचा आग्रह कशाला? मी त्यांच्या कपाळाच्या गोपीचंदनाकडे, बुक्क्याकडे आणि तुळशीच्या माळेकडे पाहिले. त्यांच्याही ते ध्यानात आले. मग आम्ही बराच वेळ गंभीरपणे बोललो. माझे म्हणणे असे होते की चोखोबांना वरलिया रंगावरून ज्यांनी दाराबाहेर ठेवले, त्यांना तो अभंग उद्देशून आहे. ज्याच्या रंगावरून त्याला हिणवले जाते त्याने आपला रंग पुसावा, असे त्यात कुठेही नाही. शिक्षकांना हे पूर्ण पटले नाही. ते म्हणाले, त्याच अभंगातल्या उसाला आपण डोंगा, म्हणजे वाकडे, आहोत याचा अभिमान नसतो. हा मुद्दा मला लागला आणि अजूनही लागतो, कारण दस्तारीचा अभिमान आणि दस्तारीची जबाबदारी यांच्यामधली रेघ माझ्याही हातून रोज पुसट होत असते.

पंढरपुरात मी दर्शनबारीला उभा राहिलो नाही. दिंडीतल्या पुष्कळांनी कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानले. मी महाद्वारापाशी नामदेव पायरीजवळ गेलो. नामदेवांनी इथे समाधी घेतली असे वारकरी मानतात, तर पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे अखेरचे स्थान मानतात. मला हा वाद मिटवायचा नव्हता. समोरच चोखोबांची समाधी आहे. गर्दीने मला तिथे अर्धे मिनिटही उभे राहू दिले नाही. तेवढ्यात नामदेवांनी त्रिलोचनांना दिलेले उत्तर म्हणून झाले, जे कबीरांच्या सलोकांमध्ये आले आहे: ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि.’ हातापायांनी सगळे काम कर, चित्त निरंजनापाशी ठेव. मग कोणीतरी पाठीत कोपर मारले आणि मी पुढे सरकलो.

नांदेडला परतल्यावर आमच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठांनी मला बसवून विचारले की मत्था कोणापुढे टेकला. मी म्हणालो, पायरीला हात लावला, नामदेवांच्या. त्यांना ते रुचले नाही. ज्याची बाणी रोज गुरू ग्रंथ साहिबमध्ये ऐकतोस त्याला शोधायला दगडाकडे कशाला जायचे, असे ते म्हणाले, आणि तत्त्व म्हणून मला त्यांचे म्हणणे चूक वाटत नाही. मी त्यांना पूणीचे टोक धरणाऱ्या शेतकऱ्याविषयी सांगितले, सुजल्या पायांनी उठण्याविषयी सांगितले. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी नितनेम, म्हणजे रोजचा पाठ, चुकला का, एवढे विचारले, आणि नाही म्हटल्यावर विषय बदलला. पुढच्या आषाढात जायचे की नाही यावर घरात अजून एकमत झालेले नाही. आई म्हणते जा, पण त्या शेतकऱ्यासाठी एक चांगली दस्तार घेऊन जा, तो पटका फार विरला असेल.