आईचा उजवा हात

सहा आठवड्यांनी आईचं प्लास्टर निघालं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय." आमच्या जिवात जीव आला. चुकलं ते तिथेच.

आई ७४ वर्षांची. बाथरूमच्या दारात घसरली, सावरायला उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांमध्ये हे फ्रॅक्चर फार आढळतं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं सुजलेली होती, मूठ अर्धीच मिटायची. "होईल हळूहळू," असं सगळेच म्हणायचे, मीसुद्धा.

मग आईच मिटत गेली. रडली नाही, तक्रार केली नाही. आधी विणकामाची पिशवी कपाटात गेली. मग अंघोळीची टाळाटाळ. मैत्रिणीचा फोन आला की, "झोपलेय म्हणून सांग." वय झालं, आम्ही म्हणालो. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा उदास चेहऱ्याने येतच नाही. थकवा, अंगदुखी, कशातच मन न लागणं अशा रूपात येतं. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

एका दुपारी ती गाऊनचं दुसरं बटण लावत होती. चिमटीत धरून काजाच्या तोंडाशी न्यायची आणि तिथेच ते सटकायचं. चार वेळा सटकलं. मग तिने हात मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. मी पुढे होऊन बटण लावलं.

"लाव बाई, आता तूच लाव सगळं."

आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला फिजिओथेरपीला नेलं. डायनामोमीटर नावाचं पकड मोजायचं यंत्र तिच्या हातात दिलं. आकडा आला ९ किलो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार बायकांची पकड १६ किलोंच्या खाली गेली, तर तो स्नायू अशक्त झाल्याचा इशारा मानतात. पण तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने आकडा लिहून वही मिटली नाही. तिने विचारलं, "आजी, या हाताने काय काय करायचात, जे आता सोडलंय?"

आई रडली. पडल्यापासून पहिल्यांदाच.

त्या मुलीच्याच सांगण्यावरून आम्ही मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची एक चाचणी असते, उत्तरं फक्त हो किंवा नाही. त्यातही हेच विचारतात : बऱ्याच गोष्टी करायच्या सोडून दिल्यात का? पाचाच्या वर गुण गेले की नीट तपासणी करतात. आईचे ८ आले.

अनेक देशांतल्या ज्येष्ठांच्या पाहण्यांमध्ये कमजोर पकड आणि नैराश्य एकत्र आढळलंय. कोण कोणाला ओढतं, हे एका बाजूने सांगता येत नाही. हात चालेना म्हणून आईने कामं सोडली. मन लागेना म्हणून व्यायाम सोडला, त्याने हात आणखी आखडला. त्यात रात्रीचा ठणका, अपुरी झोप. आणि यासाठी हाड मोडायलाच हवं असंही नाही. अंगठ्याच्या मुळाशी झिजलेला सांधा, रात्री बोटांना मुंग्या आणणारी दबलेली नस, मधुमेहींचा आखडणारा खांदा, या सगळ्यांनी माणूस असाच दुसऱ्यावर अवलंबून होतो. आणि आपण विचारतो काय, तर "दुखतंय का?" आई "नाही" म्हणायची, आणि ते खरंच होतं. दुखणं कमी झालं होतं. पण स्वतःचे केस स्वतः विंचरता येत नव्हते.

आता गोळी आणि व्यायाम दोन्ही चालू आहे. कोमट पाण्यात स्पंज पिळायचा, टेबलावर बोटं एकेक करून उचलायची. कंगव्याच्या दांड्याला जाड फोम गुंडाळलाय. मी बटण लावायला धावत नाही. तिच्यासमोर हात बांधून उभं राहणं मला फार जड जातं, पण राहते.

परवा तिने पिशवी मागितली. जाड सुया घेऊन सहा टाके घातले, मग दोरा ओढून सगळे उसवले. "सैल झाले," म्हणाली, आणि पुन्हा घालायला बसली. तेवढ्यात फोन वाजला. टाके सांभाळत ती म्हणाली, "तिला सांग, मी करते थोड्या वेळाने."