वर्ष वाईट गेलं असेल तर?

नाताळच्या दुपारी आमच्याकडे जेवून गेलेली माणसं पुढे कधीतरी एक प्रश्न विचारतातच. शेजारच्यांनी विचारलाय, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलाय, लग्न होऊन घरात आलेल्या प्रत्येक सुनेने नि जावयाने विचारलाय. पानं वाढण्याआधी आमच्याकडे एकेक जण वर्षभराबद्दल देवाची उपकारस्तुती करतो. मग ज्याचं वर्षच वाईट गेलं, त्याने काय बोलायचं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग बघून आम्ही हे सुरू केलं असं काहींना वाटतं. तसं नाही. तो सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, आणि माझ्या आजीला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. मराठी ख्रिस्ती घरांत उपकारस्तुती कशाचीही होते. बाळ झालं, घर बांधलं, ऑपरेशन नीट पार पडलं, पोरगी बारावी झाली. चर्चचे पाळकसाहेब येतात, गीतं होतात, वचन वाचलं जातं, मग चहा-चिवडा. आजीने ती नाताळच्या जेवणाला जोडली, कारण एरवी सगळे एका छताखाली यायचेच नाहीत.

सगळे म्हणजे खरोखर नाना तऱ्हेचे. आजोबांचं घराणं स्कॉटिश मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. त्या मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाच्या कॉलेजात आमच्या घरातली बरीच पोरं शिकली. आजी जबलपूरकडची, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट नावाच्या दुसऱ्या मंडळीतली. तिचं मराठी शेवटपर्यंत हिंदीच्या अंगाने जायचं. एक मामी कॅथलिक, धाकट्या काकूचं माहेर बौद्ध. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही इथे नागपुरातच, आणि त्या सहांत डिसायपल्स होत्या. आजी मोठ्या अभिमानाने सांगायची, की आमच्या चुलीवर ही एकी त्याच्या आधीच झाली होती. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, शहर गच्च भरलेलं, गाड्यांची तिकिटं मिळता मिळत नाहीत. तरी जबलपूर, यवतमाळ, पुणे, जिथून तिथून माणसं येतात. येताना कोणी अनारसे आणतं, कोणी आंबिया बहाराची संत्री पोतंभर. अंगणात उन्हाला बसून पोरं ती सोलत असतात, आणि आत सावजी रस्सा उकळत असतो.

आता मूळ प्रश्न. आजीने दोन गोष्टी पक्क्या ठरवून दिल्या होत्या. पहिली, दुसऱ्याशी तुलना करून उपकार मानायचे नाहीत. ‘त्यांच्याकडे बघा काय हाल आहेत, आपलं तरी बरं’ असं कोणी सुरू केलं की ती तिथेच थांबवायची. लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, प्रभूने सांगितलेला दाखला आहे. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून, आपण इतरांसारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो. तीही उपकारस्तुतीच, पण नीतिमान ठरून घरी गेला तो मागे उभा राहून ऊर बडवणारा, लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. मला हा दाखला फार महत्त्वाचा वाटतो. हल्ली ‘कृतज्ञ राहा’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं या परूश्याच्याच वळणाचं असतं.

दुसरी गोष्ट, ज्या माणसाच्या हातून उपकार झाला त्याचं नाव घ्यायचं. नुसतं ‘देवाने सांभाळलं’ म्हणून चालायचं नाही. कोणाच्या हातून सांभाळलं, तेही सांगायचं.

आत्याचे यजमान वारले ते नोव्हेंबरात. महिनाभराने नाताळ. आत्या येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण ती आली. बोलायची वेळ तिच्यावर आली तेव्हा तिने पवित्र शास्त्र उघडून तेराव्या स्तोत्राची पहिली दोन वचनं वाचली. देवा, किती काळ मला विसरणार आहेस, किती काळ तोंड लपवणार आहेस, असा त्यांचा आशय. शेवटची दोन वचनं विश्वासाची आहेत. ती तिने वाचली नाहीत, पुस्तक मिटलं. आजी म्हणाली, ‘आमेन’, आणि पाळी पुढच्याकडे गेली. कोणी समजूत घातली नाही, कोणी उपदेश केला नाही. आजीचीच लेक होती ती, जावई तिचाच गेला होता.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी गाऱ्हाण्यांची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. जिथे स्तुतीची स्तोत्रं आहेत तिथेच, त्याच पुस्तकात, हीही आहेत. म्हणजे देवासमोर रडायला आपल्याला परवानगी काढावी लागत नाही. पुढच्या नाताळला आत्याने शेजारच्या दोन घरांची नावं घेतली. त्यांनी महिनाभर तिला डबा पुरवला होता. दोन्ही घरं ख्रिस्ती नव्हती. त्यांनाही त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं, आणि आपलं नाव प्रार्थनेत आल्यावर त्यातल्या काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. ‘आमचे कायचे उपकार बापा!’ म्हणाल्या.

खरं तर नाताळची गोष्टच बघा. नावनोंदणीचा हुकूम, दिवस भरलेली मरीया, बेथलेहेमात उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत, आणि पुढे हेरोद राजाच्या भीतीने रातोरात मिसरात, म्हणजे इजिप्तात, पळापळ. योसेफाच्या घरचं ते वर्ष कोण चांगलं म्हणेल? माझा विश्वास आहे की देव त्याच वर्षात आला. म्हणून आमच्याकडे वर्षाला गुण देत नाहीत. प्रभू आपल्यात आला, एवढ्यासाठी आम्ही जमतो. बाकी जे हाती लागलं त्याची नावं घेतो.

तर ज्याचं वर्ष वाईट गेलं त्याने तसंच म्हणावं, देवालाच म्हणावं, सगळ्यांदेखत. नाहीतर गप्प बसावं. मागच्या नाताळला पुण्याच्या पुतण्याची नोकरी गेलेली होती. तो म्हणाला, ‘मला काही सुचत नाही, पुढे चला.’ आम्ही पुढे गेलो. त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीने नव्या सायकलबद्दल उपकार मानले आणि ती बाबांनी स्वतः शिकवली, असं त्याचं नाव घेऊन सांगितलं. यंदाही तो येतोय. तिकीट केव्हाच काढलंय.