डाव संपला हे कळेपर्यंत

बुद्धिबळात राजाला पळायला घर उरले नाही की डाव संपतो, सापशिडीत शंभरावर पोहोचले की संपतो, कॅरममध्ये सोंगट्या संपल्या की संपतो. लहानपणापासून खेळलेल्या बहुतेक खेळांनी डाव संपवण्याची जबाबदारी माझ्यावर कधी टाकलीच नव्हती. ‘गो’ शिकायला बसलो तेव्हा असा खेळ प्रथमच भेटला, ज्यात डाव संपला आहे हे खेळणाऱ्या दोघांना उमगावे लागते आणि त्यावर दोघांचे एकमतही व्हावे लागते. या खेळाचे नियम अर्ध्या तासात समजतात. ही एक गोष्ट मात्र महिनोन्महिने समजत नाही.

चीनमध्ये जन्मलेला, तिथे वेइची आणि कोरियात बादुक म्हणून ओळखला जाणारा हा खेळ अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना मानतात. पटावर 19 आडव्या आणि 19 उभ्या रेघा असतात. त्या एकमेकींना जिथे छेदतात त्या 361 बिंदूंवर आळीपाळीने काळी आणि पांढरी सोंगटी ठेवायची, आणि एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. रेघांवरून लगतचे सगळे बिंदू प्रतिस्पर्ध्याने व्यापले की कोंडलेली सोंगटी उचलली जाते, आणि अखेरीस ज्याने अधिक मोकळी जागा आपल्या सोंगट्यांनी वेढली तो जिंकतो. बुद्धिबळाचा पट खेळता खेळता रिकामा होत जातो, हा भरत जातो.

मला शिकवणारे काका नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये राहून आलेले. त्यांनी प्रथेप्रमाणे सुरुवात 9 रेघांच्या लहान पटावर करून दिली. तिथेसुद्धा मी त्यांच्या मुलखात एखादी सोंगटी मोठ्या हिकमतीने टाकावी, आणि त्यांनी उत्तर देण्याऐवजी नुसते ‘पास’, म्हणजे ‘माझी खेळी सोडली’, असे म्हणावे, असे चालायचे. एकदा न राहवून कारण विचारले, तर म्हणाले, “डाव मघाशीच संपला की रे! आता टाकतो आहेस त्या सोंगट्या म्हणजे मला फुकटचे गुण.” जपानी पद्धतीत कैद झालेली प्रत्येक सोंगटी शेवटी आपलाच एक गुण कापते, त्यामुळे हे अगदी खरे होते.

यातली खोच अशी की, मेलेली सोंगटी लगेच मरत नाही. एखाद्या समूहाने दोन वेगवेगळे रिकामे बिंदू आपल्या पोटात राखले, तर तो कायमचा वाचला, कारण प्रतिस्पर्ध्याला दोन्ही बिंदू एकाच वेळी भरता येत नाहीत. ज्याला असे दोन बिंदू कधीच राखता येणार नाहीत, तो समूह पटावर ऐटीत उभा असला तरी मेलेलाच असतो. जाणकार खेळाडू त्याला मारायच्या भानगडीत पडत नाहीत. डाव संपल्यावर दोघांच्या संमतीने तो नुसता उचलून ठेवतात. नवशिक्याला मात्र हे मरण आधी दिसत नाही आणि जगणेही दिसत नाही, म्हणून तो सुरक्षित समूहाला उगाच टेकू देत बसतो. शेवटचा टप्पा तर उघड उघड बांध कोरण्याचा असतो, इकडून एक गुण, तिकडून अर्धा. कोरण्यासारखे कुठेच काही उरले नाही हे ज्याला दिसले, त्यालाच ‘पास’ म्हणता येते.

मला या खेळात सर्वांत आवडते ती यानंतरची मोजणी. कैद केलेल्या सोंगट्या ज्याच्या त्याच्या मुलखात भरतात, आणि मग काळ्याची जागा पांढऱ्याने व पांढऱ्याची काळ्याने, दहा-दहांचे नीट चौकोन होतील अशी मांडायची. घटकाभरापूर्वी एकेका बिंदूसाठी भांडणारे दोघे आता एकमेकांची मालमत्ता मुकाट्याने लावून देत असतात. पहिली खेळी काळ्याची असल्यामुळे जपानमध्ये पांढऱ्याला भरपाई म्हणून साडेसहा गुण मिळतात. त्यातला अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी ठेवलेला आहे, आणि तो माणसाला झोप लागू देत नाही.

डाव पुरा करण्याची या खेळातली ओढ विलक्षण आहे. 1945 साली जपानमधल्या होनिन्बो या मानाच्या ‘गो’ किताबाच्या लढतीतला दुसरा डाव हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू हे व्यावसायिक खेळाडू हिरोशिमा शहराबाहेर इत्सुकाइची येथे खेळत होते. तिसऱ्या दिवशी, 6 ऑगस्टच्या सकाळी, अणुबाँबच्या धक्क्याने पटावरच्या सोंगट्या विखुरल्या. दोघांनी त्या पुन्हा मांडल्या आणि त्याच दिवशी डाव पूर्ण केला. हाशिमोतो पाच गुणांनी जिंकले. काय झाले आहे याची तेव्हा त्यांना कल्पना नव्हती, हे खरे. तरीही हा प्रसंग वाचताना कौतुक करावे की शहारावे, हे मला ठरवता येत नाही.

व्यावसायिक खेळाडू बहुधा मोजणीपर्यंत जातच नाहीत. आपण भरून न येण्याइतके मागे आहोत हे दिसले की ते हार मान्य करतात. मार्च 2016 मध्ये सोलला अल्फागो या संगणकीय प्रोग्रॅमने दक्षिण कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोल याला 4-1 असे हरवले. त्यातला चौथा डाव लीने 78व्या खेळीच्या जोरावर काढला, तेव्हा यंत्राने पडद्यावर चौकट झळकावून हार कबूल केली होती. अर्ध्या गुणाने जिंकलो की पन्नास गुणांनी, याचे त्याला सोयरसुतक नव्हते. जिंकण्याची शक्यता तेवढी ते मोजत असे, आणि ती फारच घटल्यावर थांबले.

माझी मोजणी अजून इतकी पुढे गेलेली नाही. पण हल्ली काकांच्या आधी मी ‘पास’ म्हणतो, आणि किती गुणांनी हरलो आहे हे मांडामांड होण्यापूर्वीच सांगतो. दोन-तीन गुण इकडेतिकडे होतात, तेवढ्यावरून आमचा थोडा वाद होतो, आणि मग ते माझी जमीन लावायला घेतात.