एकविसावा दिवस नक्की कुणाचा?

मागच्या वर्षी माझा प्रोजेस्टेरॉनचा (अंडं फुटलं की नाही हे ज्यावरून बघतात त्या हार्मोनचा) रिपोर्ट आला ०.६, आणि मी रिक्षातच रडायला लागले. चिठ्ठीवर 'डे २१' लिहिलेलं, म्हणून मी पाळीच्या पहिल्या दिवसापासून बोटं मोजत बरोब्बर एकविसाव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन बसले (उपाशी राहायची काही गरज नसते हे नंतर कळलं, उगाच चहा सोडला). ३ च्या वर आकडा आला की अंडं फुटलं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडलं, असं धरतात, इतकं गुगलवर वाचलेलं, म्हणजे माझं फुटलंच नाही. जिथे दाखवत होते तिथेही हेच सांगितलं आणि लगेच गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या आणायच्या आधी मावसबहीण मला तिच्या गायनॅककडे घेऊन गेली. त्या बाईंनी रिपोर्टकडे बघितलंसुद्धा नाही, आधी विचारलं, "पाळी किती दिवसांनी येते गं?" म्हटलं पस्तीस, कॉलेजपासून पस्तीसच. "मग एकविसाव्या दिवशी कशाला गेलीस?"

तर झालं असं, की हा २१ आकडा २८ दिवसांच्या पाळीवरून आलाय. अंडं फुटल्यावर मागे जे उरतं त्याचं पीतपिंड होतं (दहावीच्या विज्ञानात होतं, आपण पाठ करून विसरलो) आणि ते प्रोजेस्टेरॉन बनवतं. तिथून पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी, आणि हा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो, लांबतो तो त्याच्या आधीचा. म्हणजे माझं अंडं फुटायचंच एकविसाव्याच्या आसपास, आणि मी नेमकी त्याच दिवशी रक्त देऊन आले! प्रोजेस्टेरॉन वाढायला वेळ तर द्यायला हवा ना बिचाऱ्याला. टेस्ट करायची ती पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी, म्हणजे माझ्यासाठी अठ्ठाविसाव्या दिवशी.

पुढच्या महिन्यात तशी केली. आकडा ११.४.

पण त्यावरही लगेच उड्या मारू नकोस म्हणाल्या, हे हार्मोन लाटेलाटेने सुटतं, काही तासांत आकडा बराच खालीवर होतो, त्यामुळे ११ वाली १५ वालीपेक्षा कमी असं काही नसतं. आणि पाळी आल्यावर मागे मोजून बघायचं, टेस्टनंतर आठवड्याभराने आली असेल तर दिवस बरोबर पकडला. माझी आठव्या दिवशी आली. युनिटही बघा हं, परदेशातली मैत्रीण ३० हवं म्हणाली तेव्हा माझं परत धाबं दणाणलं, तिचं नॅनोमोलमध्ये होतं, आपल्या नॅनोग्रॅमला साधारण ३.२ ने गुणायचं.

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी लाल गोल करते. सासूबाईंनी परवा विचारलं, हे कसले गं गोल? म्हटलं गॅसचं बुकिंग. "एवढ्या लवकर संपतो?"