वारा सुटला की खराटा घ्यावा

आठवडाभर पुढे ढकललेली साफसफाई शनिवार-रविवारी काढावी आणि नेमका तेव्हाच वारा सुटावा, हे ठरलेलंच. शहाणी माणसं अशा वेळी खराटा भिंतीला टेकवून आडवी होतात. माझं मत जरा वेगळं आहे. वारा असेल तर अंगण जरूर झाडावं. घरातल्या केरसुणीला मात्र सुट्टी द्यावी.

वारा कचरा कुठेही टाकत नाही, हे लक्षात आल्यापासून माझं निम्मं काम हलकं झालं. भिंतीवर आपटून तो जिथे गिरक्या घेतो आणि जिथे त्याचा जोर मोडतो, तिथे हातातलं सगळं खाली ठेवतो. जिन्याखाली, कुंड्यांच्या मागे, कुंपण भिंतीला मिळतं त्या बेचक्यात. दर वेळी तेच कोपरे! मग अख्ख्या अंगणात खराटा कशाला फिरवायचा? तासभर थांबायचं आणि त्या कोपऱ्यांतून घमेलं भरून आणायचं. वर शेतातल्या उफणणीसारखी निवडही आपोआप झालेली असते: जड खडे होते तिथेच राहिलेले, आणि वाळकी पानं, कागदाचे कपटे, पिशव्या एकीकडे. घमेलं भरलं की त्यावर ओलं गोणपाट टाकायला मात्र विसरू नये, नाहीतर वारा दिलेलं परत घेतो.

जे झाडायचंच ते वाऱ्याकडे पाठ करून, आधी पाण्याचा शिपका मारून. ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ ही म्हण संधिसाधूंच्या नावावर जमा असली, तरी ती कुणा झाडणाऱ्याच्याच तोंडून निघाली असावी असा माझा दाट संशय आहे.

किती वाऱ्यापर्यंत हा उद्योग करावा, यालाही माप आहे. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने 1805 साली वाऱ्याला आकडे दिले, जहाजाच्या शिडांवर काय परिणाम होतो ते पाहून. जमिनीवरच्या खुणा त्याला पुढे जोडल्या गेल्या. त्यातला 4 हा आकडा, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर, खास आपल्यासाठी आहे: धूळ आणि सुटे कागद उडतात, लहान फांद्या हलतात. इथवर ठीक. 6 ला छत्री सांभाळणं अवघड होतं. तेव्हा स्टुलावर चढून बाहेरची जळमटं काढण्याचं शौर्य दाखवू नये.

घरात कोणती खिडकी लावायची, हे पडदे सांगतात. एका खोलीत पडदा पोट फुगवून आत आलेला असतो, त्याच वेळी पलीकडच्या खोलीतला गजांना घट्ट चिकटलेला. पहिल्या बाजूने हवा आत रेटली जाते आहे, दुसरीकडून बाहेर ओढली जाते आहे, आणि मधल्या दाराचं जे धाडधाड आपटणं चालतं ते याच ओढाताणीतून. फुगलेल्या पडद्यामागची खिडकी बंद करावी. चिकटलेल्याची उघडी ठेवावी. कोरड्या फडक्याने झटकणं तर अशा दिवशी निव्वळ स्थलांतर आहे. स्थिर हवेतसुद्धा 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून खाली यायला दहाएक मिनिटं घेतो. 1 मायक्रॉनचा तर अर्ध्या दिवसाहून जास्त तरंगतो. वाऱ्यात तो कधी खाली बसेल ते त्यालाच ठाऊक. तेव्हा ओलं, घट्ट पिळलेलं फडकं घ्यावं आणि वरून खाली यावं. फरशी वारा पडल्यावर. आधी पुसली तर ओल्या फरशीवर धूळ जाऊन चिकटते आणि पावलांचे ठसे उमटतात, मग घरात ‘हे कोण चाललं?’ सुरू होतं.

चादरींना मात्र याहून चांगला दिवस नाही. ओल्या कापडाला लगटून दमट हवेचा पातळ थर बसलेला असतो, वारा तो सतत काढून नेतो, त्यामुळे सावलीतही कपडे वाळतात. चादर आधी जडपणे नुसती लोंबते. वरची बाजू वाळून हलकी झाली की ती फडफडायला लागते आणि खालच्या ओल्या काठाचा फटका पाठीवर बसतो. दोरीवर दुमड घेऊन तिथे चिमटे लावले तर ती गुंडाळली जात नाही. फक्त अंगण झाडून झाल्यावरच वाळत घालावी. हा क्रम उलटा करणाऱ्याला चादर दोनदा धुवावी लागते.

खिडकीच्या जाळीपुढे वाऱ्याचंही काही चालत नाही. उलट सगळा बारीक फुफाटा तोच तिच्यात ठासून भरतो. ती काढायची, बादलीत भिजवायची, जुन्या टूथब्रशने एकेक घर घासायचं... ते पुढच्या रविवारी.